पाण्यात चालणारं मशीन

५ जानेवारी, सोमवार

नाव नोंदवलं एकदाचं. नवीन मेटल डिटेक्टर तेरा तारखेला बाजारात येतोय, आणि आधी नाव घातलेल्यांना वीस तारखेपर्यंत घरपोच मिळणार आहे. पाण्यात चालणारा! नुसती खालची चकती नाही, अख्खं मशीन, पडद्यासकट, पाच मीटर खोल बुडवलं तरी चालतं. माझं जुनं मशीन पाण्याच्या थेंबालाही घाबरतं. ते घेऊन तीन वर्षं मी सायखेड्याच्या बाजूला नदीकाठची कोरडी वाळू तुडवतोय. आजवरची कमाई म्हणजे बैलांच्या खुरांच्या चौदा पत्र्या, एक सायकलची घंटी, पोतंभर खिळे, आणि एक शिवराई, जी घरी येऊन घासल्यावर बाटलीचं झाकण निघाली.

आईला सांगितलं तर म्हणाली, "पाण्यात काय शोधणारेस?"

"असेल ते."

"अण्णांना सांगू नकोस हो."

अण्णांना कोण सांगतंय! अण्णा म्हणजे माझे वडील, शामसुंदरगुरुजी. रामकुंडावर आमच्या घराण्याची जागा आहे. लोक अस्थी घेऊन येतात, आम्ही विधी सांगतो. अण्णांचा एक नेम आहे: गंगेत गेलं ते गंगेचं. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) पाण्यात पडलेलं नाणं त्यांनी जन्मात उचललेलं नाही. घाटावर झुंबर नावाचा माणूस गाळ चाळून नाणी आणि सोन्याचे कण वेचतो. अण्णा त्याला रोज चहा पाजतात, पण त्याच्या चाळणीकडे पाहायचं टाळतात.

मी अंबडच्या एका कारखान्यात होतो. दोन वर्षांपूर्वी अण्णांचे गुडघे गेले. "सहा महिने ये, मग बघू," म्हणाले. ते सहा महिने अजून चालू आहेत. पहाटे घाट, दुपारी घर, पुन्हा पहाटे घाट. एकतीस वर्षांचा घोडा झालो, पण पंचवटीत मला कुणी गौरांग म्हणत नाही, 'गुरुजींचा मुलगा' म्हणतात. रविवारी मशीन घेऊन निघालो की तेवढे तीन तास माझे. कानात हेडफोन, आणि जमीन काहीतरी बोलेल याची वाट. बाकी आठवडाभर कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखं वाटतं.

९ जानेवारी, शुक्रवार

काही नाही. चार दिवस राहिले. लाँच थेट दाखवणार आहेत, सकाळी साडेदहाला. नेमकी घाटावरची गर्दीची वेळ.

१३ जानेवारी, मंगळवार

आजचा दिवस मशीनचा असायचा होता. झालं भलतंच.

अकराच्या सुमारास चांदवडकडची मंडळी आली. छाया नावाची बाई, चाळिशीची, अंगणवाडीत काम करते. वडिलांच्या अस्थी होत्या. एकुलती एक लेक, म्हणून विधीला तीच बसली. सोबत चुलतभाऊ कुंदन आणि आणखी दोघं-तिघं. अण्णा दोन पायऱ्या वर दुसऱ्या यजमानांत गुंतले होते, त्यामुळे मी बसलो. सगळं नीट पार पडलं, अस्थी सोडल्या. उठता उठता बाई म्हणाली, "गुरुजी, माझी अंगठी?"

तिचं म्हणणं असं की दर्भाचं पवित्रक बोटात घालायचं म्हणून तिने सोन्याची अंगठी काढून समोरच्या ताम्हनात ठेवली. वडिलांची अंगठी. सैल होते म्हणून मागे दोरा गुंडाळलेली. आता ताम्हनातले पिंड, तीळ, फुलं शेवटी आम्ही पाण्यात सोडतोच. पण मला अंगठी दिसली नाही. ठेवलीच होती कशावरून? जीपमध्ये राहिली असेल, घरून घालायची विसरली असेल. दुःखात माणसाला काय आठवतं!

कुंदन माझ्या अंगावर आला. "खिसे दाखव."

"तोंड सांभाळून बोला."

"तू आधी खिसे दाखव ना!"

सगळा घाट बघत होता. मी झब्ब्याचे खिसे उलटे केले. एकातून चार्जिंगची वायर निघाली आणि दुसऱ्यातून आलेपाकाची वडी. कुणीतरी हसलं. तेवढ्यात अण्णा गुडघ्यावर हात देत खाली आले. माझ्याकडे धड पाहिलंही नाही.

"घरी जा."

"अण्णा, मी…"

"घरी जा म्हटलं ना."

मी आलो. मागे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. एवढं कळलं की आमच्या घरात मला चोर समजायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

अण्णा म्हणाले, "काही दिवस घाटावर येऊ नकोस." का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दोन वर्षं ज्या घाटातून सुटायला धडपडतोय तिथूनच हाकललं गेलं, तर आनंद व्हायला हवा. झाला नाही.

दरवर्षी तिळगूळ द्यायला दहा-बारा घरं येतात. आज फक्त मनोजदादाची बायको आली, स्नेहलवहिनी. मनोजदादा घाटावर आमच्या शेजारच्या जागेवर बसतो. वहिनी आईशी दारातच कुजबुजली. मला तिळगूळ देताना म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका हं भावोजी. होतं असं." म्हणजे गावभर झालंय तर.

१६ जानेवारी, शुक्रवार

मंगळवारी खोटं लिहिलं. स्वतःच्या वहीशी खोटं बोलून काय मिळणार आहे मला? तेव्हा आता खरं लिहितो.

माझ्या एका कानात हेडफोन होता. घाटाकडच्या नाही, भिंतीकडच्या. आसनाआड ठेवलेल्या फोनवर लाँच चालू होतं. मशीन पाण्याच्या टाकीत बुडवून दाखवत होते. छायाबाईने विचारलं होतं, "गुरुजी, अंगठी कुठं ठेवू?" आणि मी म्हटलं होतं, "ताम्हनात ठेवा." मीच म्हटलं होतं. मग मंत्र तोंडातून आपोआप जात राहिले आणि लक्ष टाकीतल्या मशीनकडे. शेवटी ताम्हन उचललं आणि रोजच्या सवयीने सगळंच्या सगळं पाण्यात ओतलं. ताम्हन कलतं करताना एक छोटा आवाज झाला होता. तांब्यावर काहीतरी घसरल्याचा. तो मी ऐकला होता. दुसऱ्या कानाने.

अण्णांना हे सांगायला जीभ उचलत नाही. जागेवर बसल्यावर फोन हातात घ्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडे मागितली होती. चोर म्हणवून घेतलेलं परवडलं. चोर मी नाही, त्यामुळे आतून ताठ तरी राहता येतं. हे खरं आहे, म्हणून ते सोसत नाही.

पण मशीन येतंय. वीसला आलं तर एकवीसच्या पहाटे मी पाण्यात. अंगठी काढायची, चांदवडला नेऊन द्यायची, आणि मगच अण्णांपुढे उभं राहायचं. रिकाम्या हाताने नाही. अंगठी सापडली की मी मोकळा. घाटाला रामराम, कारखाना नाहीतर पुणे, काहीही.

मुदत मात्र आहे. सिंहस्थाची कामं निघालीत, आणि माघी पौर्णिमा झाली की दोन तारखेला आमच्या बाजूचा गाळ यंत्राने उपसणार आहेत. ट्रक भरून कुठे नेऊन टाकतील देव जाणे.

१८ जानेवारी, रविवार. अमावस्या

अण्णा पाचऐवजी चारलाच निघतात. गेले तीन-चार दिवस कडीच्या आवाजाने जाग येते. बाहेर नऊ डिग्री थंडी. साडेसहाला येतात ते निथळत. आज आईने स्वयंपाकघरात हळू आवाजात त्यांना झापलं.

"किती वेळ पाण्यात?"

"माघस्नान आहे."

"माघस्नान म्हणजे तीन बुडक्या. दोन तास नाही. आणि ते सुरू पौष पौर्णिमेला होतं, संक्रांतीला नाही. मला शिकवू नका."

अण्णा पंचा वाळत घालायला गेले. मला कळलं. मुलाने केलेल्या पापाचं प्रायश्चित्त चाललंय. मी घरात बसून गिळतोय आणि बाप माझ्या नावाने थंडीत बुडक्या मारतोय. एवढा राग आला! सरळ चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२१ जानेवारी, बुधवार

नाही आलं. ट्रॅकिंगवर 'भिवंडी' दिसतंय. कालही भिवंडी, आजही भिवंडी. फोन लावला. पंधरा मिनिटं बासरी ऐकली, मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमचं पार्सल मूव्हमेंटमध्ये आहे."

"मॅडम, ते दोन दिवस एकाच गोदामात आहे."

"हो सर, गोदामामध्ये मूव्हमेंटमध्ये आहे."

मीही घरामध्ये मूव्हमेंटमध्ये आहे. पलंग ते गॅलरी, गॅलरी ते पलंग.

दिवसभर मशीनचं पुस्तक वाचलं. वाईट बातमी अशी की सोन्याची बारीक अंगठी आणि गुटख्याच्या पुडीतली चांदी, दोन्ही पडद्यावर जवळजवळ एकच आकडा दाखवतात. रामकुंडात पुड्या किती असतील! एकेक उकरून बघावी लागणार. बघेन.

२३ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी मनोजदादा आला. अण्णांना म्हणाला, "अण्णा, पौर्णिमेपर्यंत विश्रांती घ्या तुम्ही. तुमचे यजमान मी बघतो." अण्णांनी मान डोलावली. चाळीस वर्षांत ज्यांनी स्वतःचं ताम्हन दुसऱ्याच्या हाती दिलं नाही, त्यांनी नुसती मान डोलावली. माझ्यापायी त्यांची जागासुद्धा गेली.

जाताना मनोजदादाने जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अण्णांना सांभाळ रे. वय होतं माणसाचं. हात थरथरतात."

टोमणा कळला मला. तुझ्यामुळे म्हातारे झाले, असंच ना?

सकाळी साडेसातला अण्णा गॅलरीत उभे राहून त्यांच्या जुन्या बटणांच्या फोनवर हळू आवाजात बोलत असतात. आजही कानावर पडलं. "नाही, आज नाही. उद्या बघतो." यजमानांना नाही म्हणत असणार. कुठल्या तोंडाने हो म्हणतील?

२६ जानेवारी, सोमवार

आज मी जे केलं ते लिहायची लाज वाटते.

पार्सल अजून भिवंडीत. शेवटी जुनंच मशीन घेतलं, डबा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधला, वर चिकटपट्टी, आणि भर दुपारी, घाटावरची मंडळी जेवायला गेल्यावर, आमच्या जागेखाली पाण्यात उतरलो. पोटऱ्या बधिर झाल्या. मशीनने दोनदा कुईं केलं आणि ते मेलं. पिशवीत पाणी शिरलं होतं. तीन वर्षांचा सोबती, माझ्याच हाताने बुडवला.

झुंबर वरच्या पायरीवर चाळणी पालथी घालून बिडी ओढत होता. म्हणाला, "महाराज, ह्या पायऱ्या बघू नका. हितलं झालंय."

"झालंय म्हणजे?"

"झालंय म्हंजे झालंय. हितं काय नाय आता."

माझं डोकंच फिरलं. "तुला सापडली ना? कुठे विकलीस?"

"काय सापडलं?"

"अंगठी. खिसे दाखव."

तो माझ्याकडे बघत राहिला. साठीचा माणूस, पाण्याने हातांची कातडी पांढरी पडलेली. उठला आणि दोन्ही खिसे बाहेर काढले. आगपेटी, दोन नाणी, एक सुपारी. मग चाळणीसुद्धा झटकून दाखवली. "तुमच्या अण्णांकडं बघून गप बसतो," म्हणाला, "नायतर लय बोललो असतो."

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. कुंदनचा तो आवाज, आणि माझा. दोन्ही एकसारखेच वाटले.

२९ जानेवारी, गुरुवार

'डिलिव्हरीसाठी निघालं' असा निरोप सकाळी नऊला. सबंध दिवस गॅलरीत उभा. रात्री आठला निरोप: 'ग्राहक घरी नसल्याने परत.' मी घरी नसल्याने! मी सोळा दिवस घराबाहेर पडलेलो नाही, एक दुपार सोडली तर. फोनवर ओरडलो. आई म्हणाली, "अरे, हळू. अण्णांना ताप आहे."

ताप असून पहाटे गेले होतेच. खोकल्याने बोलता येत नाही. जेवताना त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. नखांत काळी माती आणि टोकं सोललेली. मी म्हटलं, "अण्णा, हात काय झालेत?" "थंडीने फुटतात," म्हणाले, आणि हात ताटाखाली घेतला. आई एकदम उठून आत गेली.

३१ जानेवारी, शनिवार

आलं! दुपारी एकला. पडदा, चकती, तीन तुकड्यांत निघणारा दांडा. एवढं सुबक काम! बाथरूमच्या बादलीत बुडवून बघितलं, आईची पाटली टाकून. टण्ण वाजलं. आई दारात उभी होती. म्हणाली, "तुझ्या अण्णांना आधीच आणून दिलं असतंस तर…" आणि पाटली बादलीतून काढून घेतली. अण्णांना कशाला? ते हात तरी लावतील का असल्या गोष्टीला?

चार्ज करून पाचला घाटावर. लोक बघत होते. बघू देत. कमरेपर्यंत पाण्यात उतरलो, चकती तळाला टेकवली, हेडफोन चढवले.

अलीकडच्या बाजूला, मनोजदादाच्या जागेखाली, मशीन नुसतं किंचाळायला लागलं. नाणी, पुड्या, टाचण्या, पत्र्याचे तुकडे. हातभर जागा शांत नाही. पलीकडे, पुलाच्या बाजूलाही तसंच. मग आमच्या पायऱ्यांवर आलो. आणि ते गप्प झालं.

आधी वाटलं बिघडलं. अलीकडे नेलं, किंचाळलं. परत आणलं, गप्प. आमच्या जागेखालच्या चार पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा हात. एक नाणं नाही, एक पुडी नाही, एक टाचणी नाही. रामकुंडात अशी जागा असूच शकत नाही. कुणीतरी पायऱ्या अक्षरशः पुसून घेतल्यात. मला हवं होतं तिथेच मशीन मुकं. अंधार पडेपर्यंत फिरवलं. झुंबरशिवाय दुसरं कोण? पण खिसे रिकामे होते त्याचे. मला काही सुचत नाही.

जगातलं सगळ्यात चांगलं मशीन हातात आहे आणि मी तिथल्या तिथेच अडकलेलो आहे.

१ फेब्रुवारी, रविवार. माघी पौर्णिमा

पहाटे चारला कडी वाजली. आई दारात आडवी उभी होती. "आज नाही जायचं. अंगात ताप आहे."

"आज शेवटचा दिवस आहे, सुधा. उद्या गाळ काढतायत."

गर्दीच्या आधी स्नान उरकायचं असेल. जिन्यात दोनदा बसले. मी धावलो, "अण्णा, मी येतो सोबत."

"नको. तू घाटावर दिसायला नकोस."

सरळ तोंडावर. माझी एवढी लाज वाटते त्यांना. मी जिन्यात उभा राहिलो आणि ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले.

दिवसभर विचार केला. ते माझ्या चोरीचं प्रायश्चित्त घेतायत आणि चोरी मी केलेलीच नाही. मूर्खपणा केला, निष्काळजीपणा केला. निदान तेवढं तरी त्यांना कळू दे, म्हणजे या थंडीत मरणार तरी नाहीत. पण आधी जिची अंगठी तिला सांगायला हवं. उद्या चांदवड. रिकाम्या हाताने तर रिकाम्या हाताने.

यजमानांची नावं लिहितो त्या वहीतून छायाबाईंचा पत्ता काढला. पहाटेच्या एसटीने मी निघणार. पौर्णिमा झाली, आता तरी घरी थांबतील अशी आशा आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

थांबले नाहीत. चारला कडी वाजलीच. सहाच्या एसटीने मी निघालो.

छायाबाईंचं घर चांदवडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत मळ्यात. ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मला बघून दचकल्या नाहीत, चिडल्या नाहीत. "या गुरुजी," म्हणाल्या, पाणी आणलं, आणि पहिला प्रश्न, "अण्णा बरे हायेत ना? खोकला लय वाढलाय त्यांचा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं की. फोनवर ऐकू येतं ना."

माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. मी पाठ करून आलो होतो ते एका दमात बोलून टाकलं. कानात हेडफोन होता, मीच ठेवायला सांगितली, ताम्हन मी ओतलं, आवाज ऐकला होता तरी गप्प बसलो. मशीन आणलं, शोधली, सापडली नाही. बोलताना मान वर करता आली नाही.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "मी समोरच बसले व्हते ना. ओतताना दिसलं मला. बाकीचे तवा डोळे मिटून हात जोडून व्हते, कुणी ओतलं ते त्यांनी बघितलं नाय. तोंडातून शब्द फुटायच्या आत गेलं."

"मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोलणारच व्हते. तुम्ही घरी गेले, अन् अण्णा सगळ्यांदेखत म्हणले, ताम्हन माझ्या हातनं ओतलं, पोराचा काय संबंध नाय, त्याला बोलू नका. कुंदनदादापुढं हात जोडले त्यांनी. येवढा मोठा माणूस! खोटं बोलायची सवय नसंल, हात लटलट कापत व्हते. सगळे म्हणले, म्हाताऱ्याचे हात कापतात, सांडलं असंल." लसणाची साल त्यांनी फुंकरीने उडवली. "माझा बाप नुकताच गेलेला. दुसऱ्याचा बाप डोळ्यांदेखत पोरासाठी खोटा पडतोय, तर त्याला मी उघडं पाडू का?"



"अंगठी काढून देतो म्हणले. तवापासून रोज सकाळी फोन. आज नाय सापडली, बाई, उद्या बघतो. रोज. मी म्हणलं, अण्णा, राहू द्या, लय थंडी हाय, मला नको ती. तर म्हणले, गंगेत गेलेलं मी कधी उचललं नाय, पण हे गंगेला कुणी दिलेलंच नाय, हे आमच्याकडनं सांडलंय. शब्द दिलाय."

आमच्या चार पायऱ्यांवर मशीन का गप्प होतं ते मला तिथे, चांदवडच्या त्या ओट्यावर कळलं. वीस दिवस. हाताने. एक नाणं, एक पुडी, एक टाचणी न सोडता. आणि त्या माणसाला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. रडू आवरेना. परक्या बाईच्या ओट्यावर बसून मोठ्याने रडलो. त्यांनी रडू दिलं, लसूण सोलत राहिल्या.

"आज अजून फोन नाय आला," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "साडेसातला येतो. नऊ वाजून गेले." मग मी घाबरलो. ताप, जिना, थंड पाणी. उठून उभाच राहिलो.

आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि फोन सरळ माझ्या हातात दिला. "घ्या. तुमचाच हाय."

मी कानाला लावला. पलीकडून यंत्राची घरघर आणि अण्णांचा बसलेला आवाज.

"छायाबाई, नमस्कार. उशीर झाला आज. आज नाही सापडली. गाळ काढायचं यंत्र आलंय, पण मी त्या माणसाला हात जोडून आमच्या पायऱ्यांखालचा गाळ वेगळा टाकून घेतलाय, काठावर. झुंबर आहे सोबतीला. दोन-तीन दिवसांत चाळून होईल. तुम्ही काळजी करू नका."

"अण्णा," मी म्हटलं. "मी गौरांग."

नुसती घरघर.

"कुठून बोलतोयस?"

"चांदवडहून. त्यांच्या घरून. मी सांगितलं त्यांना, ताम्हन मी ओतलं. तुम्ही नाही. कानात हेडफोन होता माझ्या."

ते खोकले. खूप वेळ खोकले. मग विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी बघितलं होतं."

कुणाशी तरी, बहुतेक झुंबरशी, फोन बाजूला धरून काहीतरी बोलले. मला वाटलं, आता ठेवतील. तोंडही बघू नकोस म्हणतील, आणि म्हणायला हवंच होतं.

"मग ये लवकर," अण्णा म्हणाले. "ढीग मोठा आहे."

चांदवडच्या स्टँडवर बसून हे लिहितोय. नाशिकची गाडी अजून लागलेली नाही.